वाचक विचारतात : क्षयरोगात ऑपरेशन कधी?

प्रश्न : भाऊ ३४ वर्षांचा, एमडीआर टीबी (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा). सात महिने गोळ्या चालू आहेत, थुंकी निगेटिव्ह आली. तरी डॉक्टर उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढू म्हणतात. निगेटिव्ह आल्यावर कापाकापी कशाला? पुढे त्याला दम लागेल का? (सिन्नर)

उत्तर : सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘कॅव्हिटी’ (फुप्फुसातली पोकळी) हा शब्द आहे का, ते आधी पाहा. जाड भिंतीच्या पोकळीत रक्तपुरवठा जवळपास नसतो. त्यामुळे गोळीचे औषध तिथवर पुरेसे पोचत नाही आणि आत कोट्यवधी जंतू तग धरून राहतात. थुंकी निगेटिव्ह आली म्हणजे पोकळी रिकामी झाली असे नव्हे. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंच्या बाबतीत ही धास्ती जास्त.

वेळही हीच योग्य. भरपूर जंतू असताना कापले तर श्वासनलिकेचे शिवलेले टोक भरून येत नाही, ते उसवते, हवा आणि पू छातीच्या पोकळीत उतरतात. म्हणून साधारण सहा ते आठ महिने औषध देऊन, जंतू दबल्यावर हात घालतात. आजार दोन्ही बाजूंना पसरलेला असेल तर बहुधा ऑपरेशनच्या वाटेला जात नाहीत.

दमाचे म्हणाल तर उजव्या फुप्फुसाचे तीन लोब (भाग) असतात, डाव्याचे दोन. भावाचा एकच जाणार, आणि तो आधीच निकामी असल्याने श्वासात फारसा फरक पडू नये. तरी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून श्वासाची ताकद मोजणारी तपासणी, करून घ्याच. जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात दीड लिटरपेक्षा जास्त हवा बाहेर पडत असेल तर एक लोब काढायला सहसा हरकत नसते. अख्खे फुप्फुस काढायचे तर दोन लिटर लागतात. दुर्बिणीने श्वासनलिका आतून तपासतात. जिथे कापायचे तिथेच आतून सूज किंवा व्रण असेल तर ऑपरेशन पुढे ढकलतात.

वजन मात्र आत्ताच वाढवा. रोज अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध. हडकुळ्या रुग्णाच्या जखमा लवकर भरत नाहीत. टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये खात्यावर येतात की नाही, तेही पाहा. बिडी-सिगारेट असेल तर बंद. टीबीत फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटून बसते. ते सोडवताना रक्त जाते, वेळ लागतो. म्हणून रक्ताची सोय आधीच करून ठेवावी लागते.

ऑपरेशननंतर गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे सगळ्यात महत्त्वाचे. काढलेल्या भागाचे कल्चर (जंतू वाढतात का याची तपासणी) करायला सांगा. पुढचे औषध किती महिने, ते त्यावरही ठरते. खासगीचा खर्च झेपत नसेल तर नाशिकच्या जिल्हा क्षयरोग केंद्रातून मुंबईला शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाची चिठ्ठी मागा. तिथे छातीच्या शस्त्रक्रिया होतात.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वी टीबी पूर्ण बरा झाला. आता खोकताना रक्त पडते. थुंकी दोनदा निगेटिव्ह, तरी पुन्हा टीबीचे औषध सुरू केले आहे. (मालेगाव)

उत्तर : जंतू सापडले नसताना नुसत्या रक्तावरून औषध सुरू करणे आम्हाला पटत नाही. जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा तयार झाला असू शकतो. सीटी स्कॅन आधी पाठीवर, मग पालथे झोपवून काढतात. गोळा जागा बदलतो, लगेच ओळखू येतो. टीबीच्या गोळ्यांनी तो जात नाही. जांघेतून बारीक नळी घालून रक्तवाहिनी बंद केली की रक्त थांबते, पण गोळा आतच असल्याने ते पुन्हा सुरू होऊ शकते. श्वासाची ताकद असेल तर तो भाग काढणे हाच टिकाऊ उपाय.

पेलाभर रक्त पडले तर सकाळची वाट पाहू नका. रक्ताची बाजू माहीत असेल तर रुग्णाला त्याच कुशीवर झोपवून दवाखान्यात न्या. जीव रक्त कमी झाल्याने नव्हे, बहुतेक वेळा चांगल्या फुप्फुसात रक्त उतरून गुदमरल्याने जातो.

प्रश्न : आजोबांच्या टीबीसाठी बरगड्या काढल्या होत्या. अजून तसे करतात? (देवळाली कॅम्प)

उत्तर : क्वचितच. बरगड्या काढून छाती आत दाबायची, म्हणजे पोकळी मिटते, असा हिशेब होता. १९४४ नंतर स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड ही टीबीची औषधे आली तशी त्याची गरज सरत गेली. आता छातीत पुवाची जुनी पोकळी उरली तरच विचार होतो.

प्रश्न : वडिलांच्या फुप्फुसाचा एक लोब काढला, छातीतल्या नळीला बाटली जोडली आहे. चालताना नळीला चिमटा लावावा का? (नाशिकरोड)

उत्तर : नाही. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येत असताना नळी बंद केली तर हवा आत कोंडते. बाटली कायम छातीच्या खाली, सरळ उभी. श्वासासोबत नळीतले पाणी वर-खाली होत असेल तर नळी मोकळी आहे. अचानक हलेनासे झाले तर नर्सला बोलवा; गुठळी अडकलेली किंवा नळी पाठीखाली दुमडलेली असते. बाटली फुटली तर नळीचे टोक स्वच्छ पाण्याच्या भांड्यात बुडवून धरा. आठवडा उलटूनही बुडबुडे थांबले नाहीत तर सर्जनला स्पष्ट विचारा.