नवस वडिलांचा, फेडायचा मुलानं?

पत्राचा सारांश: "आम्ही छिंदवाड्याचे, घरात मराठी बोलणारे, तीन पिढ्यांपासून लूथरन ख्रिस्ती मंडळीत. मुलगा तीन वर्षांचा असताना मेंदूज्वरानं जायची वेळ आली होती. तेव्हा मी देवाला शब्द दिला, हा वाचला तर तुझ्या सेवेला देईन, जसं बायबलमधल्या हन्नानं आपल्या मुलाला, शमुवेलाला, दिलं. आता तो बारावी झालाय, ५८ टक्के. चर्चमध्ये हार्मोनियम आणि कीबोर्ड वाजवतो, मुलांची गाणी बसवतो आणि संगीतच करीन म्हणतो. त्यानं सेमिनरीत (धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात) जाऊन प्राध्यापक व्हावं अशी माझी इच्छा आहे. वाजवणं काय, रविवारी होतंच. एवढे मार्क चालतील का? किती वर्षं लागतील?"

नमस्कार. सही तुमची आहे, पण खाली पेन्सिलीनं, दुसऱ्या अक्षरात दोन ओळी आहेत. तुम्ही पाकीट बंद करण्याआधी त्या पाहिल्या होत्या का, मला ठाऊक नाही. "उपासनेत मी वाजवायला बसलो की पप्पा शेजारच्यांना सांगतात, हा देवाला दिलेला मुलगा. मग माझी बोटं चुकतात."

मार्कांचं आधी संपवते. चालतील. पदवी घ्यावी, मग सेरामपूरच्या (नगरचं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं) सीनेटची, म्हणजे तिथल्या विद्यापीठाची, बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) साधारण चार वर्षं, एम.टीएच. (त्यातलीच पदव्युत्तर) दोन, पुढे डॉक्टरेट. मंडळीची शिफारस लागते, हिब्रू-ग्रीकसारख्या बायबलच्या मूळ भाषाही अभ्यासात येतात. आजपासून बारा-तेरा वर्षं धरा. ज्याला ग्रंथांची मनापासून ओढ आहे त्याची ही वर्षं मजेत जातात. दुसऱ्याचा नवस फेडायला म्हणून कुणी बारा वर्षं हिब्रू क्रियापदं चालवत नाही. तो अर्ध्यात सोडेल, किंवा पूर्ण करेल आणि कडवट होईल. असे कडवट शिक्षक मी सगळ्याच शाखांत पाहिलेत.

मी ख्रिस्ती नाही, तेव्हा तुमच्या श्रद्धेत लुडबुड करायचा मला अधिकार नाही. पण तुमची मंडळी ज्याचं नाव लावते त्या मार्टिन ल्यूथरची, सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारकाची, गोष्ट तुम्हाला माहीत असणारच. १५०५ साली वादळात अगदी जवळ वीज कोसळली आणि घाबरलेल्या ल्यूथरनं संत अ‍ॅनाला शब्द दिला, वाचलो तर मठात जाईन. वडील हान्स खाणीच्या धंद्यातले, त्यांना पोरगा वकील व्हायला हवा होता. ते भयंकर चिडले. पुढे १५२१ मध्ये याच ल्यूथरनं मठातल्या व्रतांविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि ते वडिलांनाच अर्पण केलं. मरणाच्या भीतीनं तोंडून निघालेला तो शब्द आपण राजीखुशीनं दिला नव्हता, असं त्यानं त्या अर्पणपत्रात मान्य केलं. तुम्ही म्हणाल, बघा, शेवटी वडिलांचंच खरं झालं. झालं ना. पण ल्यूथर वकील काही झाला नाही.

आणि त्यानं निदान स्वतःला वाहिलं होतं. तुम्ही वाहिलंत ते दुसऱ्या माणसाला. तापानं फणफणलेलं पोर मांडीवर असताना कुठल्याही बापानं हेच केलं असतं, त्याबद्दल मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. पण हन्नाची गोष्ट पुढेही वाचा. रात्री देवाची हाक आली ती शमुवेलाच्या नावानं, आणि मंदिरातल्या म्हाताऱ्या याजकानं, एलीनं, त्याला सांगितलं, जा, पडून राहा आणि ऐक. हाकेचा अर्थ एलीनं स्वतः लावून दिला नाही.

आता "वाजवणं काय, रविवारी होतंच" याबद्दल. हे वाक्य निदान लूथरन माणसानं लिहू नये. ल्यूथर स्वतः ल्यूट हे तंतुवाद्य वाजवायचा, गीतं रचायचा आणि धर्मशास्त्राच्या खालोखाल संगीताला मान द्यायचा. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७२३ ते १७५० लाइपझिगमध्ये कँटर होता, म्हणजे चर्चचं संगीत सांभाळणारा आणि शाळेत शिकवणारा. तो पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, कधीच नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ दर रविवारी तो नवी रचना उभी करायचा, आणि शाळेतला लॅटिनचा तास पदरचे पैसे देऊन दुसऱ्याकडून घेववायचा. (नगरपरिषदेची पहिली पसंतीही तो नव्हता. ५८ टक्क्यांचं वाईट वाटत असेल तर हे लक्षात ठेवा.) जर्मनीत आजही चर्चसंगीताची स्वतंत्र पदवी आहे, तिची प्रवेशपरीक्षा कठीण असते आणि चर्च पगारी नेमणुका करतं. आपल्याकडे असं पूर्णवेळ पद मिळणं अवघड आहे. बहुतेकांना शाळेत किंवा खासगी शिकवण्या करून घर चालवावं लागतं, हे मी लपवत नाही.

मुलालाही दोन शब्द. बाळा, हार्मोनियमवर तुझा डावा हात भात्यावर असतो, म्हणजे तिथे तू एकाच हातानं वाजवतोस. ऑर्गनला दोन्ही हात लागतात आणि खाली पायांनी खर्ज वाजवावा लागतो. कीबोर्डवरचे तयार ताल आजच बंद कर. एखादं उपासनागीत चार आवाजांत (एकाच वेळी गायच्या चार वेगळ्या चालींत) स्वतः लिहून काढ, मोबाइल न बघता. आठवड्यात कंटाळा आला तर ते तुला कळेल, आणि तेही कळणं चांगलंच. पाश्चात्त्य संगीताच्या थिअरीच्या परीक्षा पदवी करता करता देता येतात. जमलं तर एकदा चेन्नईला जा. किलपाकमध्ये गुरुकुल हे लूथरन धर्मशास्त्र महाविद्यालय आहे, ते आतून बघ. तसंच पुढे तंजावरला जा. आपल्या भोसल्यांच्या गादीवरचे सरफोजीराजे आणि कवी वेदनायगम शास्त्री हे दोघे श्वार्ट्झ या लूथरन मिशनऱ्याच्या हाताखाली शिकले. शास्त्रींची कर्नाटकी रागांतली ख्रिस्ती गीतं तमिळ चर्चमध्ये अजून गातात. भजनाची चाल आणि चार आवाजांचा मेळ हे दोन्ही ज्याला येतं आणि शिकवता येतं, असा माणूस सेमिनरीत गेला तर तोही प्राध्यापकच. पण ते तुझं तू ठरव.

भाऊ, तुम्हाला एकच काम. येत्या रविवारी मागच्या बाकावर बसा आणि पोराची ओळख कुणालाही करून देऊ नका. त्याच संध्याकाळी त्याला समोर बसवून सांगा की शब्द मी दिला होता, तो माझा मी बघेन.

आणि बाळा, फॉर्म भरायच्या आधी मला परत लिही. या वेळी पेननं.