जेबीएल ही स्पीकर कंपनी काढणारा लान्सिंग कर्जात का बुडाला? स्पीकर डिझाइनवर पोट भरतं का?

पोटाचं नंतर बघू. "कारागिराला धंदा जमत नाही" असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. हेच वाक्य आमच्या दादाच्या तोंडून वीस वर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

१९३० च्या दशकात हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत एक भानगड झाली. नर्तकी एलिनॉर पॉवेलचा टॅप डान्स (बुटाच्या टापांचा नाच) थिएटरात वाजवला की एकेक टाप दोनदा ऐकू यायची. बेसचा, म्हणजे जाड आवाजाचा हॉर्न (भोंगा) लांब, वरच्या बारीक आवाजाचा आखूड, त्यामुळे बेस मागे राहायचा. मग स्टुडिओच्या साउंड विभागातल्या शिअरर आणि हिलिअर्ड यांनी नवी सिस्टिम उभी केली, तिचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे आतले भाग, लान्सिंगच्या कंपनीने बनवले.

आमच्या साउंड सिस्टिमच्या धंद्यात हीच भानगड १९९८ ला एका जत्रेत झाली. तमाशाचा कार्यक्रम. स्टेजजवळ जागा नाही म्हणून दादाने टॉप (बारीक आवाजाचे स्पीकर) पुढे आणि बेस बिन (जाड आवाजाचे खोके) पंधरा फूट मागे लावले. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, हिशोब तुम्हीच करा. पुढचा आवाज तेवढा थांबवून सोडणारं डिले युनिट आमच्याकडे कुठलं? ढोलकीवाले मामा चेकिंगला खाली उतरले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "माझी थाप दोनदा का वाजतीया?" दादा म्हणाला, "पब्लिकला काय कळतंय, आवाज मोठा पायजे." मी दोन पोरं घेतली आणि टॉप उचलून मागे नेले. दादा दोन दिवस बोलला नाही. पुढे वाटण्या झाल्या. ट्रक त्याला, रिपेरिंगचं दुकान मला.

लान्सिंग बुडाला तो चांगलं काम केल्यामुळे नव्हे. व्यवहार बघणारा त्याचा भागीदार डेकर १९३९ ला विमान अपघातात गेला आणि तिथून घडी विस्कटली. १९४१ ला कंपनी आल्टेक नावाच्या दुसऱ्या साउंड कंपनीने घेतली. १९४६ ला त्याने पुन्हा स्वतःची काढली, चार इंची कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा) डी-१३० स्पीकर बनवला, पण देणी वाढतच गेली. १९४९ ला त्याने जीव दिला. मग विल्यम थॉमसने हिशोब हातात घेतला आणि तीच कंपनी, म्हणजे जेबीएल, तरली.

आता पोटाचं. माझं भागतं, पण कॉइल गुंडाळून आणि डायफ्राम (स्पीकरचा थरथरणारा पडदा) बदलून. डिझाइनचे पैसे आजवर दोनदाच मिळालेत. आणि खरं सांगायचं तर वाटण्यांनंतर माझीही हिशोबाची वही कोणी लिहीत नाही. ते काम दादाच करायचा.

दादा, वाचत असशील तर, टॉप मागे नेल्यावर मामांनी स्टेजवरून मान डोलावली होती. तू तेव्हा जनरेटरकडे होतास.