रूकवुडच्या फुलदाणीवरील एक्स: सन की खोट?

अमेरिकेतील सिनसिनाटीजवळच्या एका घरातील जुन्या सामानाच्या विक्रीत आपण घेतलेली, पिवळ्या फुलांची रूकवुडची तपकिरी फुलदाणी १९०४ची मानावी की तळावरच्या एक्सवरून १९१०ची आणि तिची किंमत काय धरावी, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तळाच्या छायाचित्रातच आहे.

मारिया लाँगवर्थ निकल्स यांनी १८८०मध्ये स्थापन केलेल्या रूकवुड पॉटरी या मातीच्या भांड्यांच्या कारखान्याने १८८६मध्ये आपल्या नावातील उलटा आर आणि सुलटा पी जोडून केलेले चिन्ह स्वीकारले. १८८७पासून त्याभोवती दरवर्षी एक ज्योत वाढत गेली, त्यामुळे १९००च्या भांड्यावर चौदा ज्योती आढळतात. पुढे ज्योती तेवढ्याच राहिल्या आणि खाली रोमन अंकात सनाचे शेवटचे आकडे येऊ लागले. आपल्या फुलदाणीवर चौदा ज्योतींच्या खाली रोमन चार आहे, म्हणजे ती १९०४चीच.

ज्याला आपण रोमन दहा समजलात, ती खूण चिन्हापासून दूर, तिरकी आहे. सनाचा आकडा मातीत ओलेपणीच दाबला जाई, म्हणून त्याच्या कडा किंचित बोथट असतात; आपल्या खुणेच्या कडा मात्र धारदार आहेत, कारण ती भाजल्यानंतर घासणीच्या चाकावर घासून पाडलेली आहे. कारखान्याच्या तपासणीत दुय्यम ठरलेल्या मालावर असा एक्स पाडत. हे दूषण खरे, पण त्याला घाबरून जाऊ नये: झिलईतला एखादा फुगा किंवा ओघळ एवढेच कारण पुष्कळदा असते, आणि कधी कधी तर भिंग घेऊनही ते सापडत नाही. तरीही निर्दोष नगापेक्षा भाव कमी येणार, हे धरून चालावे.

तळावरील तीन आकडी क्रमांक घाटाचा आहे आणि त्यापुढील ई मापाचा. ए सर्वांत मोठे, म्हणजे आपला नग लहान मापांपैकी. पिवळसर झिलईखाली फुले रंगवलेले तपकिरी नग विपुल आहेत, म्हणून किंमत मुख्यतः चित्रकारावर ठरेल. चित्रकाराची कोरलेली आद्याक्षरे छायाचित्रात पुसट आहेत. कारखान्यातील जपानी चित्रकार कातारो शिरायामादानी जपानी लिपीत सही करत, त्यामुळे त्यांचा नग ओळखणे सोपे. इतरांची आद्याक्षरे छापील सूचीशी ताडून पाहावी लागतात. या झिलईवर केसासारख्या भेगांचे जाळे नेहमीचेच, त्याने फारसे बिघडत नाही. टवका, आरपार चीर आणि फुलदाणीचा दिवा करण्यासाठी मागाहून तळाला पाडलेले भोक मात्र भाव खरोखर पाडतात.

काठ अंधारात अतिनील दिव्याखाली अवश्य पाहावा. डागडुजीचा रंग तेथे मूळ झिलईपेक्षा वेगळा चमकतो. मी एकदा केवळ बोट फिरवून काठ अखंड असल्याची खात्री करून घेतली होती आणि घरी आल्यावर अर्धा काठ भरलेला निघाला. ज्याने तो भरला, त्याचा हात मात्र वाखाणण्यासारखा होता.

भावासाठी विक्रेत्यांनी मागितलेले आकडे पाहू नयेत. त्याच चित्रकाराच्या, जवळपासच्या मापाच्या आणि एक्स असलेल्या नगांना लिलावात प्रत्यक्ष मिळालेले आकडे पाहावेत. तोवर फुलदाणी पाण्यात भिजत ठेवू नये, भेगांत डाग उतरतात. ओलसर मऊ कापड पुरे. आद्याक्षरांवर बाजूने प्रकाश पाडून एक छायाचित्र पाठवावे, म्हणजे चित्रकाराचे नाव शोधता येईल.