आवाज फुटतो, फाटतो की तुटतो?

टीव्हीखाली ठेवलेला कॉम्प्युटर ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या पेटीला, जोडलेल्या एका वाचकांनी विचारलं आहे: ‘पाच स्पीकर आणि एक सबवूफर आहे. गाणी नीट वाजतात, पण ५.१ आवाजाचा चित्रपट लावला की आवाज फुटतो. दुरुस्तीवाल्याला फोनवर तसं सांगितलं तर तो म्हणाला, फुटतो म्हणजे फाटतो, तुटतो की खरखरतो? हे सगळं एकच ना? की फुटतो म्हणणंच चूक आहे?’

एकच नाही. दुरुस्तीवाल्याने अगदी नेमकं विचारलं, आणि त्याच्या प्रश्नातच निम्मी दुरुस्ती आहे.

आधी फुटणं. कंठ फुटतो, वाचा फुटते, घाबरलेल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही. इथे फुटणं म्हणजे बाहेर येणं. पालवी फुटते, पाझर फुटतो, त्याच कुळातला हा अर्थ. दुसरीकडे काच फुटते, मडकं फुटतं, त्या अर्थाने बिघडलेला आवाजही आपण फुटला म्हणतो. ते चूक नाही. पण त्यातून काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं, काय बिघडलंय ते कळत नाही. बाकीच्या शब्दांतून ते कळतं.

फाटतं ते ताणलेलं. कापड फाटतं, ढोलाचं पान फाटतं, झेपणार नाही अशा पट्टीत गाणाऱ्याचा आवाज फाटतो. मर्यादेपलीकडे जोर गेला, हे या क्रियापदात गृहीतच आहे, आणि डिजिटल आवाजात नेमकं तेच घडतं. आकड्यांत साठवलेल्या आवाजाला एक कमाल किंमत असते. लहर तिच्यावर गेली की तिचा माथा सपाट छाटला जातो. प्लेअरमधली आवाजाची पट्टी १०० टक्क्यांपुढे ओढली की हे होतं. ५.१ च्या सहा वाहिन्या, म्हणजे पाच स्पीकर आणि सबवूफर यांचे वेगवेगळे आवाज, दोन स्पीकरांत मिसळताना बेरीज फार मोठी झाली तरी होतं. म्हणून फाटणारा आवाज लढाईच्या, स्फोटाच्या प्रसंगी फाटतो, कुजबुजीत फाटत नाही. प्लेअरमधला आवाज कमी करा, रिसीव्हरवरचा वाढवा. फाटणं थांबलं तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूला होता.

तुटण्याचा संबंध सलगतेशी आहे. तुटणाऱ्या आवाजात मधे मधे रिकामी जागा पडते, पण जेवढं कानावर येतं तेवढं स्वच्छ असतं. केबल सैल असणं, ऑप्टिकल केबल कोपऱ्यात फार वाकणं किंवा कॉम्प्युटरला आवाजाची माहिती वेळेत पुरवता न येणं, अशी त्याची कारणं. सुरुवातीचाच शब्द जात असेल तर मात्र मी तुटतो म्हणणार नाही, गिळतो म्हणेन. शांततेनंतर प्रवाह नव्याने सुरू झाला की तो कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायला रिसीव्हरला क्षणभर लागतो, तेवढ्यात पहिला शब्द गेलेला असतो. कोडीसारख्या प्लेअरमध्ये शांततेतही आउटपुट जागं ठेवायची सोय आहे, ती वापरावी.

आता खरखर. हा अनुकरणवाचक शब्द, आणि अशा शब्दांत मराठीने जी बारीक सोय करून ठेवली आहे तिचं मला फार अप्रूप आहे. शब्दाची पुनरुक्ती झाली की आवाज चालू राहतो: खरखर, घरघर, टकटक. ‘कन’ लागला की तो एकदाच होऊन संपतो: टक्कन, खट्कन, फाडकन. ‘चित्रपट सुरू होताना टक्कन आवाज येतो’ असं कोणी सांगितलं तर मी काळजी करू नका म्हणेन. प्रवाहाचा प्रकार बदलला की पुष्कळ रिसीव्हरांच्या आतला रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, तसा वाजतो. तीच टकटक असेल, तर प्रकार पुन्हा पुन्हा का बदलतोय ते पाहावं लागेल.

पुनरुक्तीच्या शब्दांतही भेद आहेत. तडतड म्हणजे फोडणीतल्या मोहरीसारखे सुटे सुटे आवाज. माहिती पोचायला अगदी क्षणांश उशीर होत राहिला की स्पीकर तडतडतो. खरखर सलग असते, जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे यायची तशी. आणि घूं असा एकसुरी आवाज बहुधा घरच्या विजेचा, ५० हर्ट्‌झचा असतो. ऑप्टिकल केबलमधून वीज जात नाही, प्रकाश जातो, त्यामुळे घूं ऐकू आला तर ती केबल सोडून सबवूफरच्या किंवा केबल टीव्हीच्या तारेकडे बघावं.

तुमच्या वर्णनावरून मला खरखरीचाच संशय येतो, कारण गाणी नीट वाजतात. ऑप्टिकल केबलमधून न दाबलेला, म्हणजे माहिती कमी जागेत न बसवलेला, आवाज दोनच वाहिन्यांचा जाऊ शकतो. ५.१ जायचा तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस अशा दाबलेल्या रूपात जातो आणि रिसीव्हर तो उलगडतो. रिसीव्हरने त्यालाच साधा आवाज समजून वाजवलं की स्पीकरमधून खरखर येते, आणि पडद्यावर कोणी कुजबुजत असलं तरी ती तितकीच मोठी असते. फाटण्यापासून ती इथेच वेगळी ओळखू येते.

दाबलेला प्रवाह हात न लावता पुढे देण्याला प्लेअरच्या भाषेत पासथ्रू म्हणतात. वाटेत कॉम्प्युटरच्या आवाजाची पट्टी मधे आली तरी आकडे बदलतात, मग रिसीव्हर एकतर गप्प होतो किंवा खरखरतो. म्हणून पासथ्रू चालू करा, कॉम्प्युटरची पट्टी १०० वर ठेवा आणि आवाज रिसीव्हरवरूनच कमी-जास्त करा. रिसीव्हरला डीटीएस येत नसेल तर प्लेअरमध्ये फक्त डॉल्बी डिजिटलवर खूण ठेवा. दुरुस्तीवाल्याला सांगताना ‘फक्त ५.१ ला, सलग खरखर, हळू प्रसंगातही तेवढीच’ एवढं सांगितलंत तर त्याला पुढचं विचारावं लागणार नाही.

जाता जाता आणखी एक जोडी: गप्प आणि मुका. गाणी वाजताना मागचे स्पीकर गप्प राहिले तर तो बिघाड नव्हे, कारण गाण्यांच्या बहुतेक फाइलींत दोनच वाहिन्या असतात आणि मागच्यांना बोलायला काही नसतं. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर तपासायचा सूर असतो. तो प्रत्येक स्पीकरवर फिरवून पाहा. त्यालाही जो दाद देत नाही तो मुका. त्याची तार निसटली आहे का ते आधी बघा.