आजाराची बातमी आणि सात समुद्रांचे अंतर

वडिलांना अॅडमिट करून, अँजिओप्लास्टी होऊन ते घरी परतल्यावरच परदेशातल्या मुलीला फोन जातो आणि त्या फोनची सुरुवात ‘आता सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस’ या वाक्याने होते, हा अनुभव कितीतरी मराठी कुटुंबांच्या परिचयाचा आहे. मुलगी दुखावते, चिडते. आई म्हणते, ‘तू तिथून काय करणार होतीस? उगाच जिवाला घोर लागला असता.’ दोघींच्याही बोलण्यात माया असते, आणि तरीही त्या दिवसापासून एकमेकींच्या शब्दावरचा विश्वास थोडा उणावतो. समोरच्यापर्यंत नीट पोहोचणारे आणि त्याच वेळी नीतीला धरून असलेले बोलणे कसे असते, हा प्रश्न घरातल्या आजारपणात जितक्या निकडीने उभा राहतो तितका क्वचितच कधी राहत असेल. म्हणून या वेळी याच एका विषयाबद्दल सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशात बरीच वर्षे राहिलेल्या अनेकांना वाटते की आजार लपवणे हे आपल्याकडच्या जुन्या वळणाचे लक्षण आहे आणि रुग्णाला सारे स्पष्ट सांगणे हा पाश्चात्त्यांचा मूळचा स्वभाव आहे. १९६१ साली शिकागोतील एका रुग्णालयातल्या डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगणेच पसंत करत होते. १९७९ साली तीच प्रश्नावली न्यूयॉर्क राज्यातील एका रुग्णालयात वापरली गेली आणि तिथे ९७ टक्के डॉक्टरांनी निदान सांगण्याच्या बाजूने कौल दिला. मधल्या अठरा वर्षांत उपचार सुधारले, रुग्णांच्या हक्कांची जाणीव वाढली आणि रुग्णाच्या संमतीला कायद्यात वजन आले. तेव्हा आईवडिलांना मागासलेले ठरवून या विषयाला हात घालू नये. ते जे करतात ते एके काळी जगभर सौजन्याचे समजले जात होते, आणि जी पद्धत तिथे बदलू शकली ती आपल्या घरातही बदलू शकते.

ती बदलली पाहिजे असे मला ठामपणे वाटते. आपल्याकडे धडधडीत खोटे फारसे कोणी बोलत नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ या थाटाचे अर्धसत्य मात्र सर्रास बोलले जाते. बायोप्सी करून आलेली आई ‘दवाखान्यात गेले होते, जरा तपासणी होती’ असे सांगते, तेव्हा तिचा एकही शब्द खोटा नसतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात उभे राहणारे चित्र खोटे असते, आणि नीतीच्या दृष्टीने त्या चित्राची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. या अर्धसत्याची किंमत दूर राहणाऱ्याला फार व्यवहारी पातळीवर मोजावी लागते. ज्याच्या पासपोर्टवरचा अमेरिकी व्हिसाचा शिक्का मुदत संपलेला आहे, त्याला भारतात आल्यावर परत जाण्यापूर्वी साधारणपणे वकिलातीकडून नवा शिक्का घ्यावा लागतो. रजा, मुलांची शाळा, तिकिटे यांचा हिशेब वेगळाच. त्याला जायचे की नाही हे ठरवायला वेळ लागतो, आणि बातमी उशिरा देणारे घर, मनात नसतानाही, तो वेळच त्याच्याकडून काढून घेते. शिवाय एकदा फसवणूक झाली की पुढच्या प्रत्येक ‘ठीक आहे’चे मोल जाते. मग मुलगा मावसभावाला विचारतो, शेजारच्या काकूंना फोन करतो, आणि ज्या आईवडिलांना आपले आजारपण चारचौघांत जायला नको होते त्यांच्याच आजाराची सर्वत्र चौकशी सुरू होते.

मात्र याचा अर्थ मुलांना सर्व काही कळलेच पाहिजे असा होत नाही. शरीर ज्याचे, माहितीही त्याची. सत्तरीच्या बाबांना प्रोस्टेटच्या तपासणीचा तपशील मुलीला सांगायचा नसेल, तर तो त्यांचा अधिकार आहे. आपली दिशाभूल होऊ नये, एवढी अपेक्षा मात्र मुलीने ठेवावी आणि ती रास्त आहे. न सांगणे आणि खोटे चित्र उभे करणे यांतला हा फरक एकदा कुटुंबात मान्य झाला की बरेच अवघड प्रसंग सोपे होतात. ‘काही तपासण्या चालू आहेत, रिपोर्ट हातात येईपर्यंत मला त्यावर बोलायचं नाही, पण आले की मीच सांगेन,’ असे म्हणणाऱ्या वडिलांनी काहीही उघड केलेले नसते आणि काहीही लपवलेले नसते. हे वाक्य ऐकून मुलीने फोन ठेवता आला पाहिजे, आणि मधल्या काळात आईकडून गुपचूप माहिती काढण्याचा मोह टाळला पाहिजे.

याहून नाजूक प्रसंग असतो तो रुग्णालाच अंधारात ठेवण्याचा. मुले डॉक्टरांना आधीच गाठून सांगतात, ‘बाबांना कळू देऊ नका, ते खचतील.’ २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात असे स्पष्ट केले की सज्ञान आणि भानावर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने, तातडीचा धोका नसताना, शस्त्रक्रियेला आईने दिलेली संमतीही ग्राह्य धरता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी घरातल्या कुजबुजीवरून, अचानक जमलेल्या नातेवाइकांवरून, परदेशातला मुलगा भर शाळेच्या दिवसांत आल्यावरून रुग्णाला पुष्कळ काही उमगत असते. फक्त त्याविषयी बोलायला त्याच्याजवळ कोणी उरत नाही. कर्करोगतज्ज्ञांच्या एका गटाने २००० साली वाईट बातमी देण्याची ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. तिच्यात निदान सांगण्यापूर्वी दोन गोष्टी विचारायच्या असतात: आपल्या आजाराबद्दल रुग्णाला आतापर्यंत काय समजले आहे, आणि यापुढे त्याला किती जाणून घ्यायचे आहे. हे घरातही करता येते. ‘बाबा, रिपोर्टमधलं सगळं तुम्हाला ऐकायचं आहे, की डॉक्टरांनी दादाशी बोललेलं चालेल?’ असे विचारले आणि त्यांनी ‘दादाशीच बोला’ म्हटले, तर तो त्यांचा निर्णय झाला. तो आपण परस्पर घेऊ नये.

हे सारे ठरवण्याची वेळ मात्र सगळे धडधाकट असतानाची आहे. पुढच्या भारतवारीत, पाहुण्यांच्या वर्दळीतून एक संध्याकाळ बाजूला काढून, समोरासमोर बसून बोलावे. बातमी प्रथम कोणी द्यायची, कोणत्या प्रसंगी रात्रीही उठवायचे आणि कोणत्या प्रसंगी सकाळपर्यंत थांबले तरी चालेल, विम्याची आणि औषधांची फाईल कुठे असते, एवढे तरी ठरावे. घड्याळाचे गणितही समजावून द्यावे, कारण भारतात घड्याळे बदलत नाहीत आणि तिकडे बदलतात. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरमधल्या पहिल्या रविवारपर्यंत न्यू जर्सी आणि पुणे यांत साडेनऊ तासांचे अंतर असते, एरवी साडेदहा तासांचे. मुलगी त्या वेळी गाडी चालवत असेल का, मीटिंगमध्ये असेल का, याची कल्पना आईला असेल, तर ‘मोकळी झालीस की फोन कर, गंभीर नाही पण बोलायचं आहे’ असा निरोप ती ठेवू शकते.

आता ऐकण्याविषयी, कारण मला वाटते खरी अडचण तिथेच आहे. ‘कसे आहात?’ या प्रश्नाला ‘बरे आहोत’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी जिना चढताना दम लागतो का, गोळ्यांत काही बदल झाला का, सकाळचे फिरणे चालू आहे का, असे साधे आणि नेमके विचारले तर बोलणे उघडते; मात्र सलग दहा प्रश्न झाले की त्याची उलटतपासणी होते. सर्वांत महत्त्वाची असते ती आईवडिलांनी एखादी गोष्ट मनाचा हिय्या करून सांगितल्यानंतरची आपली पहिली प्रतिक्रिया. ‘मी केव्हाचा सांगत होतो, शुगर तपासून घ्या’ किंवा ‘तुम्ही माझं कधी ऐकलंय?’ हे त्या क्षणी कितीही खरे असले, तरी त्यातून त्यांना एवढेच कळते की पुढच्या वेळी सांगण्यात अर्थ नाही. आधी ऐकून घ्यावे. मग जे समजले ते आपल्या शब्दांत त्यांना परत सांगावे: ‘म्हणजे डॉक्टरांनी गोळी वाढवली आहे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं आहे, बरोबर?’ फोनवरच्या बोलण्यात निम्मे गैरसमज एवढ्या एका वाक्याने मिटतात. त्यांना भीती वाटत असेल तर ‘काही होत नाही हो’ म्हणून ती झटकू नये. ‘भीती वाटणं साहजिक आहे’ असे म्हणून थोडे थांबावे. इंटरनेटवर वाचलेले उपचार सुचवण्याची घाई तर मुळीच करू नये.

हा नियम मुलांनाही लागू आहे. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीसाठीच्या व्हिसावरची नोकरी गेली की नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. ते दोन महिने दर रविवारी आईवडिलांसमोर हसतमुखाने बसून काढणारी, घटस्फोटाची किंवा नैराश्यावरच्या उपचारांची गोष्ट वर्षानुवर्षे झाकून ठेवणारी मुले थोडी नाहीत. कारण तेच असते: त्यांना उगाच काळजी नको. आईवडिलांनी आपल्याला विश्वासात घ्यावे असे वाटत असेल, तर आपल्या अडचणींतले झेपेल तेवढे आपणही त्यांना सांगायला हवे.

कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपविषयी थोडक्यात. ज्याचा रिपोर्ट आहे त्याला विचारल्याशिवाय तो ग्रुपवर टाकू नये, आयसीयूतला फोटो तर कधीच टाकू नये, आणि गंभीर बातमी जवळच्या माणसाला ग्रुपवर वाचून कळू देऊ नये.

आईवडील परदेशी तुमच्याकडे आलेले असताना आजारी पडले, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शाळकरी नातवाला दुभाषा करून डॉक्टरांसमोर बसवू नये. आजोबा आपल्या तक्रारी नातवासमोर मोकळेपणाने सांगणार नाहीत, आणि आजोबांचे निदान त्यांना ऐकवण्याचे ओझे त्या मुलाने का वाहावे? अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना दुभाषा विनामूल्य पुरवावा लागतो, आणि २०१६ सालच्या नियमांनी तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांकडून भाषांतर करून घेण्यास मनाई केली आहे. इंग्लंडमध्येही एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत ही सोय मोफत मिळते. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी’ हवी असे नमूद करावे, नाहीतर हिंदी गृहीत धरली जाते. मोठ्या मुलानेही भाषांतर करताना डॉक्टरांचे कडू वाक्य गाळण्याचा आणि आईचे म्हणणे नीटनेटके करून सांगण्याचा मोह किती होतो हे ओळखून शक्यतो परका दुभाषाच घ्यावा.

शेवटचा मुद्दा भावंडांचा. १९९१ साली कॅनडातील काही डॉक्टरांनी ‘डॉटर फ्रॉम कॅलिफोर्निया सिंड्रोम’ या नावाने एक प्रसंग वर्णन केला होता: दूर राहणारे अपत्य अखेरच्या टप्प्यावर येऊन पोहोचते आणि जवळ राहणाऱ्यांनी डॉक्टरांशी विचारपूर्वक ठरवलेले सारे उलटून टाकत, शक्य ते सगळे उपचार करण्याचा आग्रह धरते. त्या आग्रहामागे जवळ नसल्याची बोच असते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण डोंबिवलीत किंवा कोल्हापुरात राहून वर्षानुवर्षे आईचे पथ्यपाणी सांभाळणाऱ्या भावावहिनीला त्याचा फार मोठा जाच होतो. विमानतळावरून थेट रुग्णालयात पोहोचलेल्या माणसाने आधी भावाला विचारावे, ‘आतापर्यंत तुमचं काय बोलणं झालंय?’ पहिले एक-दोन दिवस ऐकण्यात घालवावे, आपले प्रश्न कागदावर उतरवावेत आणि डॉक्टरांशी बोलायला दोघांनी मिळून जावे. खर्चाचा वाटा उचलला म्हणून निर्णयाचा अधिकार आपोआप मिळत नाही, हे पैसे पाठवणाऱ्याने समजून असावे. जवळ राहणाऱ्यानेही परदेशातल्या बहिणीला ठरलेल्या दिवशी दोन ओळी लिहून पाठवल्या, तर तिची निम्मी अस्वस्थता कमी होते.

आणि निर्णय कोणाचा, हा वाद आईवडील स्वतःच मिटवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आयुष्याच्या अखेरच्या उपचारांविषयीचे आगाऊ इच्छापत्र मान्य केले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत बरीच सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येते, आणि आपण बोलू शकणार नाही तेव्हा आपल्या वतीने कोणी बोलायचे त्यांची नावे त्यात घालता येतात. असे पत्र केले असेल तर ते कोणत्या कपाटात आहे हे सर्व भावंडांना माहीत असावे, आणि त्याची एक प्रत परदेशातल्या घरीही ठेवावी.