अहल्या की अहिल्या? आणि ‘शापित बाईचं नाव’ मुलीला ठेवावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: शुद्ध रूप कोणतं, आणि ‘शिळा होऊन पडलेल्या बाईचं नाव नको’ हे सासूबाईंचं म्हणणं कितपत खरं. दुसरी आधी घेतो, कारण ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

‘अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा’ हा पंचकन्यांचा श्लोक. प्रातःस्मरणात पहिलं नाव तिचंच, सीतेच्याही आधी. सकाळी जे नाव घेतलं की पाप जातं, तेच बारशाला अपशकुनी कसं? चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांना १७२५ साली लेकीला हे नाव ठेवताना अडचण वाटली नाही. ती लेक होळकरांची सून झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला, पुढे सासरा गेला, मुलगाही गेला, आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत तिने महेश्वरहून राज्य चालवलं. काशी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं ते तिनेच. आज महाराष्ट्रात आणि माळव्यात हे नाव ठेवतात ते तिच्यामुळे. गौतमाची बायको कोणाच्या मनातही नसते.

आता अर्थ. हल म्हणजे नांगर, हल्या म्हणजे नांगरलेली, म्हणून अहल्या म्हणजे नांगर न लागलेली जमीन. रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेव वेगळंच सांगतो: हल म्हणजे कुरूपता, ती जिच्यात नाही ती अहल्या. वेदांचा अर्थ लावणाऱ्या कुमारिल भट्टाने तर अहल्या म्हणजे रात्र आणि इंद्र म्हणजे सूर्य असा उलगडा करून इंद्र तिचा जार ही भानगडच मिटवली. बारशाच्या पत्रिकेवर ब्रह्मदेवाचा अर्थ छापा, शोभून दिसतो. मला नांगराचा पटतो.

शुद्धलेखनवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे ते इथे. ‘अहिल्या’ अपभ्रंश आहे म्हणून नाक मुरडू नका. संस्कृतात अहल्या, पण मराठी आणि हिंदी तोंडात इकार कधीच मुरलाय. सोलापूरचं विद्यापीठ, इंदूरचा विमानतळ, २०२४ मध्ये नाव बदललेलं अहिल्यानगर, सगळीकडे इकारच. होळकरांच्या अहिल्येवरून ठेवताय, तर इकार ठेवा.

खरी गफलत इंग्रजी स्पेलिंगमध्ये होते. एचनंतर आय की ए, शेवटी एक ए की दोन, हे नाव नोंदवायच्या आधी कागदावर लिहून ठरवा. जन्मनोंदणीत बाळाचं नाव पहिले १२ महिने विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क पडतं. दाखल्यावर आय, आधारवर ए असं झालं की शाळेपासून पासपोर्टापर्यंत दुरुस्त्या करत बसावं लागतं.

हां, नक्षत्राप्रमाणे नाव हवं असेल तर ‘अ’ कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचं. मुलगी दुसऱ्या नक्षत्रावर असेल तर जन्मनाव वेगळं काढा, ते पत्रिकेपुरतं. दाखल्यावर अहिल्याच घाला.