तुमचे प्रश्न : फिडल, कोलमन आणि तीन मिनिटांच्या तबकड्या

प्रश्न : माझी मुलगी हिंदुस्थानी व्हायोलिन शिकते. हल्ली तिला यूट्यूबवरच्या आयरिश फिडलचं वेड लागलंय, त्यात सारखं मायकल कोलमन हे नाव येतं. फिडल हे वेगळं वाद्य असतं का? आणि नुसतं लोकसंगीत वाजवून या माणसाचं घर चालायचं का?
– एक आई, सांगली

उत्तर : वाद्य तेच हो, दुकानात जाऊन वेगळं फिडल मागू नका. खरा फरक उजव्या हातात आहे, कारण रील आणि जिग हे नाचाचं संगीत, पाय कुठं पडायचा ते गज सांगतो. डावा हात बहुतेक पहिल्याच पोझिशनला, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाशी असतो, आपल्यासारखी लांब मींड जवळपास नाही, त्याऐवजी रोल असतो, म्हणजे एक स्वर धरायचा, वरच्या स्वराला निसटता स्पर्श, परत मूळ स्वर, मग खालच्याला स्पर्श आणि पुन्हा जागेवर, हे सगळं टिचकी वाजवायच्या आत. कोलमनचे रोल ऐका, एकही अडखळत नाही.

हा आयर्लंडमधल्या स्लायगो परगण्यातला, किलाव्हिल भागातला, जन्म 1891, वडील फ्लूट वाजवायचे. 1914 ला अमेरिकेला गेला, तिथं व्हरायटी शोमध्ये वाजवलं आणि मग न्यूयॉर्कला राहिला. 1921 ते 1936 दरम्यान 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्यांच्या साधारण 80 बाजू रेकॉर्ड केल्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. घेणारे कोण, तर तिथं स्थायिक झालेले आयरिश लोक. डान्स हॉल आणि रेकॉर्डिंग यावर चाललं, पण 1929 नंतरच्या मंदीत रेकॉर्डचा धंदाच बसला, त्यामुळं श्रीमंती वगैरे काही नाही. त्याच परगण्यातला जेम्स मॉरिसनही न्यूयॉर्कलाच होता, तो शिकवण्या करायचा, त्याला लोक प्रोफेसर म्हणायचे. कोलमन 1945 साली न्यूयॉर्कलाच वारला, वय फक्त 53.

मला विचाराल तर त्याची खरी गंमत (आणि थोडं नुकसानही) पुढंच आहे. त्या तबकड्या आयर्लंडला पोचल्या आणि गावोगावची पोरं आपल्या गावची गज मारायची पद्धत सोडून स्लायगोचीच नक्कल करायला लागली, डोनेगलसारखे काही भाग आपला बाज टिकवून राहिले पण सगळ्यांना ते जमलं नाही. 1934 मध्ये त्यानं टारबॉल्टन, लाँगफर्ड कलेक्टर आणि सेलर्स बॉनेट हे तीन रील सलग वाजवले होते, आजही पबमधल्या बैठकीत पहिला सुरू झाला की पुढचे दोन त्याच क्रमानं येतात! हेच आधी ऐकवा तिला. काही तबकड्यांमधल्या पियानोवाल्याकडं मात्र दुर्लक्ष करा, बुवांना चाल माहीतच नसावी असे कॉर्ड (साथीला एकदम दाबलेले स्वर) लावलेत.

प्रश्न : मग नोटेशन मिळेल का? – तीच आई

मिळेल, ढिगानं मिळेल, पण त्यात नुसता सांगाडा असतो, गज कुठं जोडायचा ते नसतं. यूट्यूबचा स्पीड अर्धा करा आणि कानानं उचलू द्या, तिला क्लासमध्ये ती सवय असणारच. आणि हो, आपलं सा-प-सा-प ट्यूनिंग तिकडं चालत नाही, रोज उतरवून चढवलं तर तारा तुटतील, कुणाचं जुनं व्हायोलिन पडून असेल तर ते वेगळं लावून ठेवा.